गुगल प्रोफाइल आणि गुगल ॲड्स: आमच्या कूलरच्या दुकानाचा दोन उन्हाळ्यांचा हिशोब

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू लांब होणार आहे. हे सगळं मला दोन वर्षांपूर्वी कोणी बसवून सांगितलं असतं तर आमचे तीसेक हजार वाचले असते आणि बाबांना जो मनस्ताप झाला तो झाला नसता, म्हणून छोटा धंदा असणाऱ्यांसाठी सविस्तर लिहून राहिलो आहे. गुगल प्रोफाइल म्हणजे मॅपवर आपलं दुकान शोधलं की नाव, नंबर, वेळ, फोटो, रिव्ह्यू दिसतात ते, आणि गुगल ॲड्स म्हणजे पैसे देऊन टाकायची जाहिरात.

आमचं कूलरचं दुकान आहे, मानेवाडा रोडच्या बाजूला. बाबांनी १९९६ ला टाकलं. पत्र्याचे कूलर आम्ही स्वतः बनवतो, जुन्या कूलरच्या ताट्या (बाजूला लावतात ते गवताचे पॅड) बदलणं, पंप, मोटर, टाकीला गंज लागला असेल तर खालचा पत्रा बदलणं, डक्टिंग, सगळं करतो. नागपुरात कूलरवाल्याचं वर्ष म्हणजे होळी ते मृग. एवढ्या तीन-साडेतीन महिन्यांत जे होईल ते, बाकीचे आठ-नऊ महिने त्यावर काढायचे. त्यामुळे सीझनमधला एक आठवडा जरी वाया गेला ना, तर तो दिवाळीपर्यंत जाणवतो.

पूर्वी बाबा काय करायचे, फेब्रुवारीच्या शेवटी पत्रकं छापायची आणि पेपरवाल्या पोराला देऊन सकाळच्या पेपरात टाकायला लावायची, तीन-चार वस्त्यांमध्ये. त्यावर फोन यायचे. मग ते दरवर्षी कमी कमी होत गेले. पेपर घेणारी घरंच कमी झाली आणि जे घेतात त्यांच्याकडे आमचा नंबर आधीच आहे. नवीन लोक, म्हणजे बेसा, मनीष नगर, हुडकेश्वरकडे जे नवीन फ्लॅट झाले तिथले, ते कूलर बंद पडला की सरळ मोबाइल काढून 'कूलर रिपेअर निअर मी' बोलतात. आणि तिथे आम्ही नव्हतोच.

तर जानेवारी २०२४ मध्ये एका डिजिटल मार्केटिंगवाल्यांचा फोन आला. नाव लिहीत नाही, कारण असे एक नाही शंभर आहेत आणि मला कोणाशी भांडायचं नाही, पण काय झालं ते लिहितो. तीन महिन्यांचे १८,००० रुपये, त्याशिवाय वेबसाइटचे ४,०००, जाहिरातीचा खर्च वेगळा, आणि लेखी गॅरंटी की गुगलवर पहिला नंबर. मला ते पटलं. बाबा म्हणाले, "का रे, गॅरंटी तर आपण मोटरची पण सहा महिन्यांचीच देतो, हे लोक दुसऱ्याच्या दुकानातल्या जागेची गॅरंटी कशी देऊन राहिले?" मी ऐकलं नाही. नंतर वाचलं तर गुगलच्या स्वतःच्या हेल्पमध्येच सरळ लिहिलेलं आहे की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, आणि मॅपवरच्या यादीत वर येण्यासाठी गुगलला पैसे देऊनही उपयोग नाही, तशी सोयच नाही. बाबांना न वाचता कळलं होतं ते.

त्यांनी काय काय केलं ते ऐका. ती ४,००० ची वेबसाइट म्हणजे गुगल प्रोफाइलसोबत फुकट मिळणारं एक पान होतं. त्यात आमचेच दोन फोटो टाकून दिले होते. ही फुकट पानं मार्च २०२४ मध्ये बंद झाली, म्हणजे ऐन सीझन सुरू होताना आमच्या नव्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेल्या पत्त्याला काही अर्थ उरला नाही. ती बंद होणार हे आधीच जाहीर झालेलं होतं, विकणाऱ्याला माहीत असायलाच पाहिजे होतं. मग दुकानाचं नाव. बोर्डावर जे नाव आहे ते काढून प्रोफाइलवर 'बेस्ट कूलर रिपेअर सर्व्हिस इन नागपूर' असं काहीतरी लांबलचक टाकलं. हे पण नियमाच्या विरुद्ध आहे, बोर्डावर जे नाव आहे तेच टाकायचं असतं, नाहीतर प्रोफाइल निलंबित होऊ शकते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिव्ह्यू. एका आठवड्यात चाळीस रिव्ह्यू आले, सगळे पाच स्टार, 'नाइस सर्व्हिस', 'व्हेरी गुड स्टाफ'. स्टाफ म्हणजे मी, बाबा आणि एक कारागीर. त्या लोकांच्या नावावर टिचकी मारून पाहिलं तर कोणी सुरतच्या दातांच्या डॉक्टरला स्टार दिलेले, कोणी कोचीच्या हॉटेलला. सक्करदऱ्याचे एक काका आहेत, वीस वर्षांपासूनचे गिऱ्हाईक, ते दुकानात येऊन बाबांना म्हणाले, "भाऊ, तुम्हाला पण हे करायची गरज पडली का?" बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने पंप चांगला असेल तर 'चांगला आहे, बदलू नका' म्हणून गिऱ्हाईक परत पाठवलं, त्याच्या नावावर खोटे रिव्ह्यू. ते काही दिवसांत निघून पण गेले, खोटे रिव्ह्यू सापडले की काढले जातात, पण काकांनी पाहिले ते पाहिलेच.

त्या मार्केटिंगवाल्यांचं काम बंद केलं तेव्हा कळलं की प्रोफाइल त्यांच्या ईमेलवर बनवलेली आहे. म्हणजे नाव आमचं, दुकान आमचं, फोटो आमचे आणि मालक ते. पासवर्ड मागितला तर पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरा म्हणाले.

इथे एक गोष्ट कामाची, अशा फसलेल्या सगळ्यांसाठी. मॅपवर आपलं दुकान उघडायचं, तिथे 'हा व्यवसाय तुमचा आहे का' अशा अर्थाचं बटण असतं, त्यातून मालकीसाठी विनंती टाकता येते. सध्याच्या मालकाला काही दिवस उत्तर द्यायला मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही तर बहुतेक वेळा आपण स्वतः ओळख पटवून ताबा मागू शकतो. आमच्या वेळी व्हिडिओ मागितला होता. एकसलग, मध्ये न तोडता. रस्ता आणि आजूबाजूची दुकानं दाखवायची, मग बोर्ड, मग आपण हे दुकान चालवतो याचा पुरावा. मी मोबाइल धरून रस्त्यावरून चालत आलो, बोर्ड दाखवला, बाबांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं, शटर वर केलं, आत ताट्यांचा ढीग, वाइंडिंगचं मशीन, बिल बुक. दोन मिनिटांचा व्हिडिओ असेल. चार-पाच दिवसांत प्रोफाइल आमच्या ईमेलवर आली. शटरची किल्ली जशी कोणाला महिन्याच्या बोलीवर देत नाही तशीच ही मालकी पण देऊ नका. कोणाकडून काम करवून घ्यायचंच असेल तर मालक आपण राहायचं आणि त्याला फक्त मॅनेजर म्हणून जोडायचं, ती सोय आहे, काढून टाकायला एक मिनिट लागतो.

आता मूळ रिव्ह्यू. आधी गुगल बिझनेस प्रोफाइल. हे तेच जे आधी गुगल माय बिझनेस होतं, २०२१ च्या शेवटी नाव बदललं. पूर्ण फुकट आहे. माझ्याकडून पाच पैकी पाच, आणि हे मी सगळी वही समोर ठेवून सांगून राहिलो.

वहीचं सांगतो. फोन आला की आम्ही प्रत्येकाला विचारतो, "नंबर कुठून मिळाला जी?" आणि रजिस्टरमध्ये लिहितो: ओळखीने, बोर्ड पाहून, मॅपवरून, जाहिरातीवरून. जाहिरातीत मी वेगळ्या सिमचा नंबर दिला आहे, त्यामुळे तो गोंधळच नाही, तो फोन वाजला की जाहिरातीचा. प्रोफाइलच्या आत पण आकडे दिसतात, किती लोकांनी कॉलचं बटण दाबलं, किती लोकांनी रस्ता पाहिला, कोणते शब्द टाकून लोक आपल्यापर्यंत आले. ते शब्द नक्की वाचा. पण बटण दाबलं म्हणजे काम मिळालं असं नाही, म्हणून आपली वही पाहिजेच. २०२५ च्या सीझनमध्ये मार्च ते जून आमच्याकडे मॅपवरून आलेली कामं २१२, सगळी लिहिलेली आहेत. खर्च शून्य.

मॅपच्या यादीत कोण वर दिसतं हे गुगल स्वतः तीन गोष्टींवर सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी आपला धंदा किती जुळतो, शोधणारा किती लांब आहे, आणि आपलं नाव किती लोकांना माहीत आहे. लांबीचं आपण काही करू शकत नाही. मानेवाड्याचं दुकान जरीपटक्यात उभ्या माणसाला वर दिसणार नाही, आणि दिसू पण नये, एवढ्या उन्हात तिकडून इकडे येतं कोण. बाकी दोन आपल्या हातात आहेत.

जुळण्याचं म्हणजे, काय काय करतो ते नीट भरायचं. मुख्य कॅटेगरी एकच मिळते, ती विचार करून निवडायची, बाकी जोडीच्या नऊपर्यंत टाकता येतात. सेवांच्या यादीत मी लोकांच्या तोंडचे शब्द टाकले. कूलरची ताटी बदलणे, हनीकॉम्ब पॅड, पंप बदलणे, मोटर रिवाइंडिंग, डक्ट कूलर, खसची ताटी. आपल्याकडे 'ताटी' म्हणतात तर ताटीच लिहायचं ना. माहितीच्या रकान्यात ७५० अक्षरं बसतात, त्यात कोणत्या कोणत्या वस्त्यांमध्ये घरी येतो ते लिहिलं. वेळ टाकली आणि ती पाळतो. रामनवमीला दुपारनंतर बंद असतो तर त्या दिवसाची वेगळी वेळ टाकतो. हे किती महत्त्वाचं आहे ते तेव्हा कळतं जेव्हा माणूस एक वाजता ४४ डिग्रीत गाडी काढून येतो आणि शटर बंद असतं. तो परत आयुष्यात येत नाही आणि त्याचं चुकत पण नाही.

फोटो. हे मी आधी फार मनावर घेतलं नव्हतं. बाबा दुकानासमोर स्टुलावर बसून ताटीत गवत भरत होते, मी सहज फोटो काढून टाकला. एक दिवस बेसावरून एका काकूंचा फोन, म्हणाल्या, "त्या फोटोतले काका स्वतः येतील का? मी घरी एकटी असते, अनोळखी पोरं पाठवू नका." त्या दिवसापासून मी कंपनीच्या कूलरचे नेटवरचे चकचकीत फोटो सगळे काढून टाकले. आता फक्त आपलं काम. गंजलेली टाकी, मग नवा पत्रा बसवलेली तीच टाकी. काळी पडलेली ताटी, मग नवी. बाबांचा, कारागिराचा आणि माझा चेहरा दिसेल असे फोटो. घरात माणूस बोलवायचा म्हणजे आधी चेहरा पाहावासा वाटतोच लोकांना.

रिव्ह्यू आम्ही आता असे मागतो: काम झालं, कूलर दहा मिनिटं चालवून दाखवला, थंड हवा आली की बिलामागे क्यूआर छापलेला आहे तो दाखवतो आणि म्हणतो, "ताई, वेळ मिळाला तर दोन शब्द लिहा, जे वाटलं ते." एवढंच. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं नियमात बसत नाही, आणि तसं केलं तर तो रिव्ह्यू आपल्या मनाला पण पटत नाही. दहा जणांना सांगितलं की एक-दोन लिहितात. पण काय लिहितात! एकाने लिहिलं की मी मोटर बदलायला बोलावलं होतं, काकांनी ८० रुपयांचा कंडेन्सर टाकून तीच मोटर चालू केली. यावरून कितीतरी फोन आले, त्या चाळीस खोट्या स्टारांवरून एक पण नव्हता आला. वाईट रिव्ह्यू पण आहेत, दोन. एकात आमचीच चूक होती, सांगितलेल्या दिवशी गेलो नाही. तिथे मी माफी मागून काय झालं ते खरं लिहिलं, पुढच्या दिवशी जाऊन काम केलं. तो रिव्ह्यू तसाच आहे, काढा म्हणून त्या दादाला विचारलं पण नाही. ज्याला पाहायचं त्याला दोन्ही पाहू द्या.

आता गुगल ॲड्स, म्हणजे पैसे देऊन जे वर 'प्रायोजित' असं लिहून दिसतं ते. २००० साली ॲडवर्ड्स म्हणून सुरू झालं, २०१८ पासून गुगल ॲड्स नाव आहे. माझ्याकडून पाच पैकी चार, पण फक्त सीझनच्या दहा-बारा आठवड्यांसाठी आणि फक्त स्वतः रोज पंधरा मिनिटं बसणार असाल तर. नाहीतर करूच नका, खरंच.

हे चालतं असं की कोणी शोधलं की त्या क्षणी जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. ज्याची बोली जास्त तोच वर असं मात्र नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, लोक त्यावर क्लिक करतील का, क्लिक केल्यावरचं पान कामाचं आहे का, हे पण धरतात. म्हणून आपल्यासारखा लहान माणूस पण नेमकं लिहून मोठ्याच्या वर येऊ शकतो. पैसे दिसण्याचे नाही, क्लिकचे लागतात. आम्हाला मार्चमध्ये एक क्लिक ८ ते १२ रुपयांना पडला, मे महिन्यात २० च्या वर गेला, कारण तेव्हा सगळेच जाहिरात टाकतात. पैसे भरताना लक्षात ठेवा, आम्ही आधी पैसे भरून चालवतो तर १००० भरले की १८ टक्के जीएसटी जाऊन खात्यात साधारण ८४७ च दिसतात. आणि रोजचं बजेट ३०० ठेवलं म्हणजे रोज बरोबर ३०० च जातील असं नाही. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत जाऊ शकतं, महिन्याचा हिशोब मात्र ३०.४ पटीच्या वर जात नाही, म्हणजे ३०० ला ९,१२० च्या आत. हे माहीत नसलं की एका दिवसात ५८० गेलेले पाहून छातीत धस्स होतं.

त्या मार्केटिंगवाल्यांनी आमच्या जाहिरातीचे जे ९,००० घालवले ते कुठे गेले हे मी नंतर त्या खात्यात शिरून पाहिलं. लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केल्यावर आपली जाहिरात दिसली याची यादी मिळते, सर्च टर्म्स म्हणतात. ती वाचून मला रडू यायचं बाकी होतं. जाहिरात कोणत्या शब्दांवर दिसावी ते आपण ठरवायचं असतं, त्यांनी तिथे नुसता 'कूलर' हा शब्द मोकळा सोडला होता. मग काय, कॉम्प्युटरच्या सीपीयूचा कूलर शोधणारे, ऑफिससाठी पिण्याच्या पाण्याचा वॉटर कूलर शोधणारे, कूलरची ऑनलाइन किंमत पाहणारे, कूलर मेकॅनिकची नोकरी शोधणारे, एसीचा गॅस भरायचा असणारे, सगळ्यांनी क्लिक केलं आणि सगळ्यांचे पैसे आमच्या खात्यातून गेले. त्यांना दोष नाही, त्यांनी कूलरच शोधला होता.

यावर उपाय दोन. एक, शब्द मोकळे ठेवायचे नाहीत, नेमके वाक्यांश टाकायचे: 'कूलर रिपेअर', 'कूलर मिस्त्री', 'कूलर ठीक करने वाला', 'कूलरची ताटी'. इंग्रजीत, हिंदीत, मराठीत, तिन्ही. नागपुरात माणूस घरात मराठी बोलतो आणि मोबाइलला हिंदीत विचारतो, हे आपल्यालाच माहीत असतं, दुसऱ्या शहरात बसलेल्याला नाही. दोन, नको असलेल्या शब्दांची यादी टाकायची, निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात, म्हणजे ते शब्द आले की आपली जाहिरात दिसतच नाही. सीपीयू, लॅपटॉप, जॉब, एसी, फ्रिज, वॉटर कूलर असे मी पहिल्या आठवड्यातच साठ शब्द टाकले, आता दोनशेच्या वर झाले असतील.

पण सगळंच तोडू नका, हे मी चुकून शिकलो. यादीत 'कूलर ऑन रेंट' पुन्हा पुन्हा येत होतं. मी ते पण बंद करायला निघालो होतो. बाबांनी यादी पाहिली, म्हणाले, "थांब. हे कोण शोधून राहिलं?" मग विचार केला तर हिंगण्याकडे शिकायला आलेली पोरं, भाड्याच्या खोलीत दोन वर्षांसाठी राहणारे, लग्नघरवाले, यांना कूलर विकत नको, तीन महिन्यांपुरता पाहिजे. आमच्याकडे जुने, एक्स्चेंजमध्ये आलेले पंधरा-सोळा कूलर मागच्या शेडमध्ये पडून होते. ते नीट केले, नव्या ताट्या टाकल्या आणि सीझनच्या भाड्याने दिले. सगळेच्या सगळे एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत गेले. दुकानात बसून हे कधीच कळलं नसतं, कारण भाड्याने पाहिजे असणारा माणूस आमच्या दुकानात येतच नव्हता. माझ्या मते सर्च टर्म्सची ही यादी हीच या सगळ्यातली सगळ्यात किमती गोष्ट आहे, जाहिरातीपेक्षा पण. लोक दुकानदाराला विचारायला लाजतात ते मोबाइलला विचारतात.

तसंच जागेचं. जाहिरात कुठे दिसावी यात आधीपासून जो पर्याय निवडलेला असतो त्यात नागपुरात असलेले लोक पण येतात आणि नागपुरात 'रस असलेले' पण येतात. म्हणजे पुण्यात बसलेला माणूस पण नागपूरचा कूलर शोधला तर आपली जाहिरात पाहतो. मी ते बदलून फक्त नागपुरात असलेले, असं केलं, आणि खुश झालो. मग वही चाळताना दिसलं की बाहेरगावच्या फोनांपैकी अर्ध्यांच्यापुढे काम झाल्याची खूण आहे! कोण होते हे? पुण्याला, हैदराबादला, बंगलोरला नोकरी करणारी पोरं. आई-बाबा इथे प्रताप नगरला, त्रिमूर्ती नगरला एकटे, कूलर बंद पडला, आईने फोनवर सांगितलं, पोराने तिथे बसून शोधलं. एका ताईने हैदराबादहून पैसे आधी पाठवले आणि म्हणाली, "आईला किती झाले ते सांगू नका, ती मग पंख्यातच राहील." असे फोन बंद करायचे का? मग मी वेगळं छोटं कॅम्पेन केलं, रोजचे ५० रुपये, बाहेरगावी दिसणारं, पण शोधात 'नागपूर' आणि 'रिपेअर' दोन्ही पाहिजेत. जाहिरातीत लिहिलं 'आई-बाबांचा कूलर त्याच दिवशी नीट करू, व्हिडिओ कॉलवर चालू करून दाखवू'. हेडलाइनला ३० अक्षरंच मिळतात म्हणून तुकडे करावे लागले, पण लिहिलं. आणि कबूल केलं ते पाळतो.

वेळेचं एक. जाहिरात कोणत्या तासांत दिसावी ते ठरवता येतं. रात्री अकरा वाजता कूलर बंद पडलेला माणूस चिडलेला असतो, तो चार जणांना फोन लावतो, जो उचलेल त्याचा. आपण उचलणार नसू तर त्याच्या क्लिकचे पैसे का द्यायचे? आम्ही सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ठेवलं. आणि ज्या दिवशी हातात आधीच दहा कामं आहेत त्या दिवशी मी जाहिरात सरळ थांबवतो. हे फार लोक करत नाहीत. ३० मे २०२४ ला ती ५६ डिग्रीची बातमी फिरली होती आठवतं का, नवतप्यात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी आमचे दोन्ही फोन बंदच होत नव्हते आणि जाहिरात चालूच होती, कारण तेव्हा ती आमच्या हातात नव्हती. जाऊ तर शकत नव्हतो, लोकांना नाही नाही म्हणत होतो आणि वर त्याचेच पैसे देत होतो.

२०२५ चा हिशोब, जसा वहीत आहे तसा. जाहिरातीवर मार्च ते १० जून, जीएसटी धरून २६,४०० रुपये. जाहिरातीच्या नंबरवरून झालेली दुरुस्तीची कामं ८३, नवे कूलर गेले ११, आणि ते भाड्याचे वेगळे. सामान आणि मजुरी सोडून हातात जे राहिलं त्यात जाहिरातीचा खर्च निघून वर पैसे उरले. फार नाही, पण उरले, आणि ती ८३ घरं आता आमची आहेत, पुढच्या वर्षी ताटी बदलायला ती जाहिरातीवरून येणार नाहीत, नंबर त्यांच्याकडे आहे. १० जूननंतर जाहिरात पूर्ण बंद. प्रोफाइल वर्षभर.

सगळ्यांनी ॲड्स करावं असं मी म्हणणार नाही. आमच्या बाजूला तर्री पोह्याचा ठेला आहे, त्या भाऊंनी विचारलं आम्ही पण टाकू का. मी नको म्हटलं. तीस रुपयांच्या प्लेटीमागे दहा-बारा रुपये क्लिकला गेले तर राहिलं काय? त्यांना प्रोफाइल बनवून दिली, वेळ टाकली, तर्रीचा फोटो टाकला, बास, सकाळी स्टेशनवरून येणारे लोक मॅप पाहून येतात. किराणावाल्यालाही गरज नाही, किराणा कोणी शोधत नाही, तो कोपऱ्यावर असतोच. ज्या कामासाठी माणूस अडतो आणि त्याच्या ओळखीत कोणी नसतं, म्हणजे प्लंबर, पंप रिपेअर, कुलूपवाला, गिझरवाला, त्यांनी करावं.

यंदा होळी आठवड्यावर आली आहे. प्रोफाइलवर सीझनची वेळ टाकून झाली, नव्या पत्र्याचे फोटो बाबांनी स्वतः काढले, थोडे हलले आहेत पण तेच टाकले. जाहिरात १ मार्चला सुरू करणार होतो पण ऊन लवकर लागलं म्हणून १५ फेब्रुवारीलाच मराठीतली एक छोटी जाहिरात सुरू केली, रोजचे १०० रुपये, नुसती 'कूलरची ताटी' या शब्दांवर. सात दिवस काहीच आलं नाही. २२ तारखेला सकाळी नऊला जाहिरातीच्या सिमवर पहिला फोन आला, दिघोरीहून, दोन कूलरच्या सहा ताट्या. बाबांनी उचलला आणि पत्ता लिहून घेतल्यावर स्वतःच विचारलं, "नंबर कुठून मिळाला जी?"